मदत हवी आहे: गोधडीवर नांगरटीचे तास (नांगराने शेतात पडणाऱ्या ओळी) कसे उतरवावेत?
गोधडी ४ बाय ६ फूट. वर-खाली जुनं सुती नऊवारी, मध्ये धोतराचे दोन थर. बांधाला धरून वळत जाणारे तास धावदोऱ्याने घालायचे आहेत, दोन ओळींत अर्धा इंच. सरळ ओळी सुरेख बसतात, पण वळणावर कापड तिरकं ताणलं जातं आणि मधे फुगा येतो. कच्चे टाके चार-चार बोटांवर आहेत. ते आणखी जवळ घ्यावेत, की कडेकडून आत येण्याऐवजी मधून बाहेर शिवत जावं?

ज्वारीच्या कणसासाठी घातलेले गाठीचे टाके धुताना घासून तुटतात. त्याजागी बारीक ठिगळं टिकतील का? सिंथेटिक साडी मात्र कृपया सुचवू नका. ती सुतीसारखी आटत नाही, म्हणून पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात.