आउटबोर्डच्या गिअरकेसमध्ये कारचं ८०डब्ल्यू-९० चालेल का?

नवा नावाडी

नमस्कार मंडळी. यामाहाचं १५ अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन, घेतलं आहे. इंजिन छान चालतं, पण सोबत पुस्तिका मिळाली नाही. खालच्या गिअरकेसचं, म्हणजे पंख्याजवळच्या गिअरच्या पेटीचं, तेल कधी बदललं होतं, हे आधीच्या मालकाला सांगता आलं नाही. म्हणून सगळ्यात आधी तेच करायचं ठरवलंय.

घरात कारच्या डिफरन्शियलसाठी (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसाठी) आणलेला ८०डब्ल्यू-९० (जाडपणाची ग्रेड), जीएल-५ (दाब सोसण्याचा दर्जा) तेलाचा डबा पडून आहे. मरीन म्हणून मिळणाऱ्या ट्यूबवरही हेच दोन्ही आकडे छापलेले दिसतात. मग फरक नेमका कशात आहे? आणि सिंथेटिक घ्यावं का? वापर सगळा खाऱ्या पाण्यात, मासेमारीसाठी, बहुतेक वेळ कमी वेगात.

सुकाणू

कारचं घाला, काही होत नाही. मी कित्येक वर्षं तेच घालतोय. दर हंगामाला बदलतो, गिअर अजून शाबूत आहेत. दातांना ग्रेड कळते, डब्यावरचं बोटीचं चित्र कळत नाही.

जुनं इंजिन

आउटबोर्डची दुरुस्ती हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुकाणू म्हणतात ते एका अटीवर खरं आहे: गिअरकेस आतून कोरडी राहिली पाहिजे. कोरड्या गिअरकेसमध्ये दातांना लागणारा जाडपणा आणि दाब सोसणारी रसायनं दोन्ही तेलांत आहेत. पण कारचं डिफरन्शियल पाण्यात बुडून राहत नाही, आपली गिअरकेस राहते. चालून तापलेलं युनिट इंजिन बंद केल्यावर पाण्यातच गार होतं. आतली हवा आणि तेल आकसतं, आत किंचित निर्वात तयार होतो आणि सील (शाफ्टभोवतीची, पाणी अडवणारी रबरी कडी) जरा जरी झिजलेलं असलं तरी तिथून पाणी ओढलं जातं. थोडंसंच येतं, पण पुन्हा पुन्हा येत राहतं.

मरीन तेल बनवताना हे पाणी धरलेलं असतं. ते पाणी स्वतःत मिसळून घेतं, तरी दातांवरचा थर टिकवतं, आणि त्यात गंज रोखणारी द्रव्यंही जास्त असतात. साध्या तेलात पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. बोट उभी असताना ते खारं पाणी बेअरिंगला लागून राहतं, आणि बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडायला लागले की पुढे गिअरही जातात. माझ्याकडे उघडायला येणाऱ्या गिअरकेस बहुतेक गंजामुळे आलेल्या असतात. नुसते दात झिजले म्हणून आलेल्या फार थोड्या.

तुमच्या इंजिनाला यामाहा हायपॉइड गिअर ऑइल, एसएई ९० सांगते. मरीन ८०डब्ल्यू-९० घेतलंत तरी चालेल, थंडीत ते जरा लवकर पसरतं इतकंच. मात्र लिमिटेड स्लिप लिहिलेलं काही घेऊ नका. ती द्रव्यं डिफरन्शियलच्या क्लचसाठी असतात, इथे त्यांचा उपयोग नाही. इंजिन ऑइलही नको. गिअर ऑइलचा ९० आणि इंजिन ऑइलचा ४० हे आकडे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत, त्यावरून तुलना करू नका. तेलाचा निळा-हिरवा रंग कंपनीने दिलेला असतो, त्यावरून दर्जा ठरत नाही.

सिंथेटिक मोठ्या अश्वशक्तीला, सतत पूर्ण वेगात पळणाऱ्यांना कामाचं. तुमच्या वापराला साधं मरीन तेल पुरेसं आहे. उरलेले पैसे तेलाच्या भोकांच्या प्लगच्या नव्या वॉशरवर घाला. हा सल्ला मी प्रत्येकाला देतो आणि बहुतेक जण जुनाच चपटा वॉशर परत बसवतात!

भरताना मोटर उभी ठेवा. आधी खालचा प्लग काढा, मग वरचा, म्हणजे तेल सरळ उतरेल. नवं तेल खालच्या भोकातून पंपाने चढवा. वरून ओतलं तर आत हवा अडकते, भरल्यासारखं दिसतं आणि पाव भाग रिकामा राहतो. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल यायला लागलं की आधी वरचा प्लग घट्ट करा, मग नळी काढून लगेच खालचा. वरचा बंद असल्यामुळे तेवढ्या वेळात फारसं तेल सांडत नाही.

डोलकाठी

दुसरं इंजिन असणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. काही जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडवर ड्रेन प्लगच्या जवळच फुलीच्या खाचेचा एक स्क्रू असतो. तो ड्रेन प्लग नाही, गिअर बदलणारी यंत्रणा धरून ठेवणारा आहे. तो काढला तर गिअरकेस उघडायची वेळ येते. शिवाय त्याच कंपनीच्या इलेक्ट्रिक शिफ्टच्या जुन्या मॉडेलना वेगळंच, पातळ तेल लागतं. तिथे ९० नंबर घालू नका.

नवा नावाडी

आज तेल काढलं. दूध घातलेल्या कॉफीसारखं निघालं. ट्रेमध्ये चुंबक फिरवला, बारीक काळी पेस्ट चिकटली, तुकडे नाहीत. आता नवं तेल भरून चालवू की आधी उघडून घेऊ?

जुनं इंजिन

पेस्ट नेहमीच्या झिजेची आहे, तिची काळजी नको. कण बोटाला टोचले असते तर उघडायलाच सांगितलं असतं. पाणी मात्र आत येतंय, हे नक्की.

आधी पंखा काढा आणि शाफ्टच्या मुळाशी बघा. मासेमारीच्या बोटीत तिथे तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) गुंडाळलेला सापडणं नेहमीचं. तो सीलची कड कापतो. सापडला तर तो काढला म्हणजे झालं असं समजू नका, सीलही बदला. सापडला नाही तर नवे वॉशर लावून तेल भरा, थोडं चालवा आणि मोटर रात्रभर उभी ठेवा. सकाळी खालचा प्लग अगदी किंचित सैल करून दोन-चार थेंब कागदावर घ्या. स्वच्छ निघालं तर दोष वॉशरचा होता.

पुन्हा पांढुरकं दिसलं तर प्रेशर टेस्ट करून घ्या. रिकाम्या गिअरकेसमध्ये हवेचा हलका दाब देऊन ती साबणाच्या पाण्यात धरतात, बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. पंख्याच्या शाफ्टचं सील, गिअर बदलायच्या दांड्याचं, किंवा वॉटर पंपाखालचं ड्राइव्ह शाफ्टचं, या तिन्हीपैकी एक निघेल. शेवटचं निघालं तर ते बदलायला युनिट खाली उतरवलेलंच असेल, इम्पेलरही (वॉटर पंपातला रबरी पंखा) त्याच वेळी बदलून टाका.

आणि थंड प्रदेशात राहत असाल तर हे पाणी आत ठेवून हिवाळा काढू नका. गोठून फुगलं की गिअरकेसचं आवरणच तडकतं.

सुकाणू

निर्वाताचं माहीत नव्हतं. माझंही तेल पुढच्या वेळी कागदावर घेऊन बघतो. प्रेशर टेस्टला गिअरकेस इंजिनापासून वेगळी करावी लागते का?

जुनं इंजिन

नाही. तेल काढून एका प्लगच्या जागी गेजचा अडॅप्टर बसतो, दुसरा प्लग घट्ट ठेवायचा. दाब किती द्यायचा ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. त्यापेक्षा जास्त देऊ नका, चांगली सीलही जागची हलतात.