हातच्याची रीत आधी गिरवून घ्यावी की आधी समजावी?

दुसरीच्या शिक्षिका, खानापूर तालुका:
हातच्याची बेरीज आणि वजाबाकी उभ्या मांडणीत शिकवण्याआधी काही आठवडे मुलांकडून केवळ काड्यांच्या जुड्यांवर काम करून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. ३८ आणि ४७ यांची बेरीज ७१५ लिहिणारे मूल निष्काळजी नसते. आठ आणि सात पंधरा, तीन आणि चार सात हे त्याला अचूक येते, परंतु एककाच्या घरात दहा जमले की त्यांचे एक दशक होऊन ते शेजारच्या घरात जाते, हे त्याने स्वतःच्या हाताने केलेले नसते. त्याच मुलासमोर तीन जुड्या व आठ सुट्या, आणि चार जुड्या व सात सुट्या काड्या ठेवल्या, तर पंधरा सुट्यांमधल्या दहांना रबर लावून ते आपणहून आठवी जुडी बांधते. मग दशकावर लिहिलेला १ कशाचा, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, येळ्ळूर:
बाई, आपली तळमळ मान्य आहे, पण आपण केलेले अडचणीचे निदान मला पटत नाही. आपल्या कर्नाटकातील सरकारी शाळांच्या ‘नली-कली’ या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीत पहिली ते तिसरीची मुले एकाच वर्गात बसतात. तेथे आठवडेच्या आठवडे काड्यांना देणे कोणाला परवडणार? शिवाय खरी अडचण वीसच्या आतील बेरजा-वजाबाक्या तोंडपाठ नसण्याची आहे. पंधरातून सात वजा करताना जे मूल बोटे मोजते, ते जुडी सोडल्यावरही एकेक काडी मोजतच बसते. पाठांतर पक्के करावे, रीत रोज गिरवून घ्यावी. अर्थ मागाहून उमगतो.

पालक, निपाणी:
माझ्या मुलीच्या वहीत ५२ वजा २७ चे उत्तर १५ आले होते. शाळेत पाचातला एक दशक सुटा करून वर ४ लिहायला शिकवले होते आणि घरी आजीने तिच्या काळची ‘वर दहा, खाली एक’ ही रीत सांगितली होती. त्यामुळे मुलीने वरच्या ५ चे ४ केले आणि खालच्या २ चे ३ही केले. दोन्ही रीती बरोबर आहेत, कारण दोन्ही संख्यांत दहा मिळवल्याने त्यांतील फरक बदलत नाही. पण अर्थ न कळता गिरवलेल्या दोन रीती एकत्र आल्या की असा घोळ होतो. गुरुजी, ही मुलगी रोज दहा उदाहरणे सोडवते. सरावाची कमतरता तिला नव्हती.

दुसरीच्या शिक्षिका, खानापूर तालुका:
गुरुजी, पाठांतराबद्दल माझा वाद नाही, ते हवेच. मात्र ४०३ वजा १७८ हे उदाहरण घ्या. दशकाच्या घरात शून्य आहे, म्हणून एक शतक फोडून दहा दशके करायची आणि त्यांतले एक पुन्हा फोडायचे. उरतात तीन शतके, नऊ दशके आणि तेरा एकक, उत्तर २२५. केवळ गिरवलेले मूल येथे शून्याचे नऊ कसे झाले, असे विचारते, आणि माझ्या अनुभवात बरीच मुले शून्य तसेच ठेवून पुढे जातात. आपल्या भागात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते: ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, तर कन्नडमध्ये ‘ऐवत्तमूरु’ म्हणताना पन्नास आधी येतात. दोन्ही कानी पडणाऱ्या मुलांना मी ‘पाच दशक तीन’ असेही म्हणायला लावते. त्यामुळे कोणते घर फोडायचे, हे त्यांना लवकर सापडते.

निवृत्त मुख्याध्यापक, येळ्ळूर:
शून्याच्या उदाहरणापुरते आपले म्हणणे स्वीकारतो, आणि निपाणीच्या पालकांनी दाखवलेली चूक मीही वर्गात पाहिलेली आहे. तरीही मांडणी लांबणीवर टाकण्यास माझा विरोध कायम आहे. जुडी सोडली की त्याच क्षणी पाटीवर ५ खोडून ४ लिहावा. दोन्ही कामे शेजारीशेजारी चालावीत आणि दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत काड्या पेटीत जाव्यात, नाही तर तिसरीतही मुले त्यांच्याच आधारावर राहतात.