टी-शर्ट नकोत, खोलीचं भाडं हवंय. कंपन्यांना कसं समजवायचं?

मानखुर्दची ताई
लल्लूभाई कंपाऊंडमध्ये आम्ही चौघीजणी संध्याकाळी मुलींची अभ्यासिका आणि कबड्डी चालवतो. सातवी ते बारावीच्या ४० मुली. खोलीचं भाडं ७,०००, कबड्डी शिकवणाऱ्या दादांचं मानधन ८,०००, वीज आणि बिस्किटं धरून महिन्याला १७,०००. खोली गेली की सगळंच गेलं. कपडे बदलायला जागा आहे, आठला कुलूप लागतं, म्हणून तर घरचे पाठवतात.

गेल्या मार्चमध्ये एका कंपनीची माणसं आली. ६० टी-शर्ट, ६० बॅगा, बॅनर, फोटो. सगळे टी-शर्ट एक्सएल! सातवीतली पोरगी तो घालून चढाईला गेली तर पकड करणारीला आधी पाय शोधावे लागतील. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, ‘प्रशासकीय खर्चाला कायद्याने ५ टक्क्यांची मर्यादा आहे.’ खरंय का? ट्रस्ट २०१९चा आहे, १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या दोन्ही आहेत.

हिशेबनीस
ताई, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर (कायद्याने समाजकामावर करायचा खर्च) कारभाराच्या खर्चाला आहे, तुमच्या खोलीला नाही. कार्यक्रम राबवायचा थेट खर्च त्यात येत नाही. पण अर्जात ‘ऑफिस भाडे’, ‘पगार’ असं लिहिलंत की समोरचा तिथेच थांबतो. ‘प्रशिक्षण केंद्राची जागा’, ‘प्रशिक्षक मानधन’ लिहा आणि वर मोठ्या अक्षरात मुलीमागे महिना ४२५ रुपये. खोटं काहीच नाही त्यात.

सीएसआर-१, म्हणजे हे पैसे घेणाऱ्या संस्थेचा सरकारी नोंदणी अर्ज, भरलाय का? १ एप्रिल २०२१ पासून त्या नोंदणी क्रमांकाशिवाय संस्थेला सीएसआरचे पैसे घेता येत नाहीत. आणि मार्चमध्ये भेटू नका. तेव्हा नफ्यातल्या २ टक्क्यांचा उरलेला सीएसआर निधी संपवायची घाई असते, मग टी-शर्टच येतात. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला जा आणि अनेक वर्षांचा प्रकल्प म्हणून मागा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प नियमात बसतो.

चिंचपोकळी
खासदार निधीतून नाही का मिळणार?

हिशेबनीस
तो टिकाऊ कामांसाठी असतो. वास्तू उभी राहील, दादांचं मानधन नाही निघणार.

लालबागकर
कंपनीच्या भरवशावर कबड्डी चालत नाही, स्पष्ट बोलतो. आमच्या मंडळात जुने खेळाडू महिना २०० देतात. दर पाच तारखेला एकजण पावती पुस्तक घेऊन दारात उभा. त्यात दिव्याचं बिल तरी सुटतं. तुमच्या बारावी होऊन नोकरीला लागलेल्या मुली असतीलच की.

मानखुर्दची ताई
आहेत, अकराजणी. मागायचं सुचलंच नाही, लाजही वाटत होती. सीएसआर-१ भरलेला नाही, आमच्या सीएंनी कधी विषयच काढला नाही! उद्याच विचारते.
लालबागकर, तुमच्या पोरांना एक्सएल बसतं का? साठच्या साठ न्या. टेम्पोचं भाडं मात्र तुमचं.