मदत हवी आहे: कूलंट कमी होतंय, गळती कुठंच दिसत नाही (रविवारच्या आत सांगा)

शहापूरकर_२२
मंडळी, डोकं फिरायची वेळ आली. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रावण, कुठं जाऊलालंय कळंना. आठवड्याला पाव लिटर तरी टाकावं लागतं. गाडीखाली थेंब नाही. रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवला, सकाळी पुठ्ठा कोरडा. दोन गॅरेजवाल्यांना दाखवलं. एक म्हणतो सगळे होज (रबरी नळ्या) बदला, दुसरा म्हणतो काय होत नाही, वरून टाकत राहा. रविवारी डिचोलीला साखरपुडा आहे, चोर्ल्यातून जाणार, सोबत आई. घाटात तापली तर काय करू? उपदेश नको, उपाय सांगा.

कणकुंबी_पाऊस
गाडी कुठली ते तरी लिहा की. पेट्रोल का डिझेल? तापमानाचा काटा वर जातो का? पांढरा धूर? ऑइलची काडी काढून बघितली? नुसतं 'कूलंट जातंय' म्हटल्यावर ज्योतिषीसुद्धा हात टेकेल.

शहापूरकर_२२
स्विफ्ट डिझेल. काटा मधोमध. धूर नाही.

कणकुंबी_पाऊस
वर्ष? किलोमीटर? ऑइल?

शहापूरकर_२२
२०१४. एक लाख अठरा हजार. ऑइल साफ आहे, पाणी शिरून चहा झालेला नाही. बाकी सगळं नॉर्मल.

लेथवाला_उद्यमबाग
हेड गॅस्केट, इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील. लिहून घ्या. माझ्या बोलेरोचं असंच होतं, दोन महिने ना धूर ना काही, आणि एके दिवशी तवंदी घाटात बसली ती बसलीच. हेड खोललं तर तिसऱ्या सिलिंडरपाशी गॅस्केट केसाएवढी जळालेली. सकाळी गाडी चालू करायच्या आधी वरचा होज दाबून बघा. रात्रभर उभी राहूनही दगडासारखा घट्ट लागला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. इकडं हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं) करून मिळतं, टाळाटाळ करू नका.

ड्रायव्हर_निपाणी
झालं, लागले हेड खोलायला. दोन चमचे हळद टाका रेडिएटरमध्ये. वीस वर्षं ट्रक चालवतोय, बारीक भोक हळदीनं धरतं. खर्च दहा रुपये.

कणकुंबी_पाऊस
अण्णा, ट्रकच्या जुन्या पितळी रेडिएटरची गोष्ट वेगळी. ह्या गाड्यांच्या नळ्या बारीक. हळद भोकात बसायच्या आधी नळ्यांत आणि हीटरच्या जाळीत बसेल. मग तापायची नाही ती पण तापेल.

ड्रायव्हर_निपाणी
तुमच्या पुस्तकात नसेल. रस्त्यावर चालतं.

बोअरचं_पाणी
एक विचारतो, टाकताय काय? कूलंट का नळाचं पाणी? आमच्याकडं बोअरचं पाणी टाकून लोकांनी रेडिएटरचे मुतखडे केलेत. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं घ्या. आणि लाल-हिरवं एकात एक ओतू नका. बेळगाव अडीच हजार फुटांवर, इथं उघड्या भांड्यात पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. गाडीत ते १२० च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही ते फक्त कूलंटच्या टाकीची कॅप दाब धरते म्हणून. कॅप ढिली असली तर कूलंट वाफेनं जातं, जमिनीवर थेंब पडत नाही. कॅप बघा.

शहापूरकर_२२
कॅप नवीनच आहे. मे महिन्यात सर्व्हिसिंगला बदलली. बिलावर कन्नडमध्ये आणखी दोन ओळी आहेत, मला बोलता येतं, वाचता येत नाही. फोटो टाकलाय.

चिक्कोडी_मास्तर
पहिली ओळ 'नीर सोरिके इल्ल', पाणी गळत नाही. दुसरी 'क्याप हळेदु, होसदु हाकिदे', कॅप जुनी होती, नवी घातली. अक्षर डॉक्टरचं आहे, पण एवढं नक्की.

लेथवाला_उद्यमबाग
सोरिके इल्ल म्हणजे बाहेर गळती नाही. म्हणजे आत. म्हणजे गॅस्केट. मी काय म्हणत होतो?

कणकुंबी_पाऊस
थांबा. कूलंट कमी व्हायला लागलं कधीपासून?

शहापूरकर_२२
जूनपासून.

कणकुंबी_पाऊस
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं, मालक. मे मध्ये नवी कॅप, जूनमध्ये गळती. जुनी कॅप दाब धरत नसणार, त्यामुळे कमजोर जागा गप्प होती. नवी कॅप चांगली बसली, दाब पूर्ण भरायला लागला आणि ती जागा फुटली. कॅपचा दोष नाही, तिनं आजार बाहेर काढला. आता जागा शोधायची.

गरम इंजिनवर शोधू नका. सांध्यातून आलेला थेंब तिथंच वाळतो, गुलाबी नाहीतर हिरवी पपडी राहते, ओलं काहीच दिसत नाही. इंजिन पूर्ण गार असताना हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावायला सांगा. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढाच दाब द्यायचा, जास्त नाही, आणि अर्धा तास काटा बघत बसायचं. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी, ऑइल कूलरपाशी, ईजीआर कूलरपाशी (इंजिनात परत जाणारा धूर गार करतो तो) टॉर्च मारा. काटा उतरतोय आणि बोनेटखाली सगळं कोरडं असेल तर ऑइलमध्ये, सिलिंडरमध्ये नाहीतर गाडीच्या आत बघायचं.

गरम असताना कॅप उघडू नका. हे सांगायची गरज नसावी, पण एकदा चोर्ल्यात एकाचा हात भाजलेला डोळ्यांनी बघितलाय.

ईव्ही_प्रेमी
म्हणून म्हणतो, इलेक्ट्रिक घ्या.

बोअरचं_पाणी
त्यातही बॅटरीला कूलंट असतं दादा.

गोवा_वीकेंड
चोर्ला रस्ता आत्ता कसा आहे? जांबोटीच्या पुढं खड्डे बुजवले का?

लेथवाला_उद्यमबाग
निळ्या द्रावणाची टेस्ट करून घ्या. टाकीच्या तोंडावर नळी लावतात, कार्बन डायऑक्साइड आला की निळ्याचं पिवळं होतं. पाच मिनिटांत गॅस्केटचा निकाल.

कणकुंबी_पाऊस
करू देत, पण डिझेल इंजिन जागच्या जागी चालू असलं की धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो, रंग उशिरा बदलतो. निळं राहिलं म्हणून गॅस्केट निर्दोष असं नाही.

शहापूरकर, आणखी एक. 'बाकी सगळं नॉर्मल' म्हणालात. गाडीत वास येतो का? काचेवर आतून धुकं? डावीकडचं कार्पेट?

शहापूरकर_२२
काच पावसात धुरकटतेच की सगळ्यांची. वास म्हणाल तर गोडसर येतो, पण मी दर पंधरा दिवसांनी डिचोलीला कुंद्याचे डबे नेतो, एकदा डबा सांडला होता. त्याचाच. कार्पेट ओलं आहे, पण ऑगस्ट आहे साहेब. छत्री तिथंच ठेवतो.

कणकुंबी_पाऊस
😄 बोलला असता तर एवढा धागा लागला नसता.

कुंदा सांडला कधी?

शहापूरकर_२२
गेल्या दिवाळीत.

चिक्कोडी_मास्तर
दिवाळीतल्या कुंद्याचा वास ऑगस्टपर्यंत? दुकानाचं नाव कळवा.

कणकुंबी_पाऊस
हीटर कोर. डॅशबोर्डाच्या पोटात छोटा रेडिएटर असतो, त्यातून कूलंट फिरतं, तो आत गळतोय. म्हणून पुठ्ठा कोरडा. आत्ता जाऊन दोन गोष्टी करा. काच आतून पांढऱ्या कपड्यानं पुसा. नुसतं दव असेल तर कपडा फक्त ओला होईल, कूलंटची वाफ असेल तर तेलकट थर निघेल. मग रबरी मॅट उचला आणि खालच्या कार्पेटवर टिश्यू दाबा. एसीचा ड्रेन तुंबला तरी तिथंच ओल येते, पण ते पाणी साधं असतं. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, टिश्यूवर रंग उतरतो. जीभ लावून बघू नका, विष आहे ते. घरात मांजर असेल तर गाडीत सोडू नका.

ड्रायव्हर_निपाणी
हीटर कोरला तर हळद एकदम फिट.

शहापूरकर_२२
बघून आलो. मॅटवर थेंब नाही, खालचा फोम पिळला तर हातात गुलाबी पाणी. कपडा तेलकट. बायको मागं उभी होती, म्हणाली, "जूनपासून सांगूलालोय मी, गाडीत कायतरी वेगळा वास येतोय." आता रविवारचं काय?

कणकुंबी_पाऊस
केबिनकडं जाणारे दोन होज फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) दिसतील. कोरची बाजू सोडवायची आणि ते दोन्ही एका पाइपच्या तुकड्यानं आपसात जोडायचे, चांगल्या क्लिपा लावून. कोर बाहेर पडला, इंजिनचं फिरणं चालू. मग हवा काढून पातळी भरा. हीटर मिळणार नाही, पण एसी काचेवर सोडला की धुकं जातं. घाटात तेवढंच लागतं.

लेथवाला_उद्यमबाग
करा, पण परत आल्यावर गॅस्केट तपासाच.

शहापूरकर_२२
(सोमवार) जोडणी शुक्रवारी करून घेतली, अर्ध्या तासाचं काम. काल डिचोलीला जाऊन आलो, कणकुंबीच्या चढावर काटा हलला नाही. टाकीवर मार्करनं रेघ मारली होती, आज सकाळी गार इंजिनवर पातळी रेघेवरच. कोर बदलायला डॅशबोर्ड खाली घ्यावा लागतो, तीन दिवस म्हणतायत. गणपतीआधी होईल का?

लेथवाला_उद्यमबाग
गणपतीआधी उद्यमबागेत तुमचा डॅशबोर्ड कोण उघडणार नाही, अर्धी पोरं मंडपात आहेत. विसर्जन झाल्यावर या. आणि कार्पेट आत्ताच काढून धुवा, नाहीतर नवा कोर बसल्यावरही वास तसाच राहील आणि तुम्ही परत कुंद्यावर ढकलाल.