मदत हवी आहे: हिचकॉकच्या ‘द रिंग’ची चांगली प्रत कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी, हिचकॉकचा बॉक्सिंगवरचा मूकपट ‘द रिंग’ (१९२७) मला संग्रहात हवाच आहे. स्वस्तातल्या डीव्हीडी पुष्कळ दिसतात, पण माझ्याकडच्या डीव्हीडीत चित्र इतकं पुसट आहे की माझी सर्वांत लाडकी गंमतच हातची जाते. जत्रेतल्या तंबूत नायक बॉक्सर जॅकसमोर एका फेरीपलीकडे कुणी टिकत नाही, म्हणून पहिल्या फेरीची पाटी मळून गेलेली. दुसरीची निघते ती मात्र कोरी करकरीत! ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२ साली जीर्णोद्धार केलेली प्रत कोणत्या ब्लू-रेवर मिळते? भारतातल्या प्लेअरला रीजनची (डिस्क ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याची) अडचण येते का? कुणाकडे असेल तर पार्श्वसंगीत कसं आहे तेही कृपया सांगा.