मिश्रणाच्या गणितात ऋण उत्तर का येते?

प्रश्न (खानापूर): म्हशीच्या ७ टक्के आणि गाईच्या ३ टक्के फॅटच्या दुधापासून ४.५ टक्क्यांचे २० लिटर दूध करायचे आहे. म्हशीचे दूध क्ष मानून मी ७क्ष + ३(२० − क्ष) = ४.५ असे मांडले, परंतु क्ष ऋण येतो. कृपया चूक दाखवावी.

उत्तर (निपाणी): डावीकडे आपण टक्के आणि लिटर यांचा गुणाकार घेतला आहे, म्हणून उजवीकडेही ४.५ × २० = ९० हवेत; मग ४क्ष = ३०, म्हणजे म्हशीचे ७.५ आणि गाईचे १२.५ लिटर. ही चूक माझ्या वर्गात दरवर्षी होते.

उत्तर (बेळगाव): ताळा पाहावा: ५२.५ + ३७.५ = ९०.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. डेअरीत कॅन रिकामे करताना हेच गणित डोळ्यांसमोर असते, तरी वहीत चुकले!