तिन्हीसांजेपासून रडणारं बाळ: तुम्ही ती रात्र कशी काढलीत?

परवा रात्री सव्वादोनला भाचीचा फोन आला. ती काही बोलेचना. पलीकडून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, आणि थोड्या वेळानं तिचंही. बाळ पाच आठवड्यांचं आहे. दिवसभर छान असतं. दिवेलागण झाली की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन जे सुरू करतं ते मध्यरात्र उलटली तरी थांबत नाही. पाजून झालं, ढेकर काढून झाली, डॉक्टरांना दाखवून झालं. वजन नीट वाढतंय, पोट मऊ आहे, ‘कॉलिक आहे, जाईल’ असं ते म्हणाले. कॉलिक म्हणजे निरोगी तान्ह्या बाळाचं तासन्तास चालणारं रडणं. पण जाईपर्यंत रोजची रात्र काढायची कशी? ज्यांनी काढली आहे त्यांनी मोकळेपणानं लिहा, ही विनंती.

माझ्यापासून सुरुवात करते. २०१७ साली माझी लेक अशीच रडायची. माझ्या खाण्यातलंच काहीतरी तिला बाधतंय, यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं. आधी वांगं-बटाटा बंद झाला, मग हरभऱ्याची डाळ, मग कोबी-फ्लॉवर, मग फोडणीसुद्धा. शेवटी मी मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधी एवढ्यावर आले. लेक तेवढीच रडत राहिली, मला मात्र उठताना चक्कर यायला लागली. तिला साडेतीन महिने झाले त्या आठवड्यात एका संध्याकाळी आठ वाजले तरी घर शांत होतं. आम्ही दोघं पाळण्याकडे बघत बसलो, बोलायचीही भीती वाटत होती. माझ्या ताटात त्या दिवशीही तेच वरण-भात होतं. भाचीला मी पहिली गोष्ट हीच सांगितली: तू नीट जेव.

एक बाबा, नागपूर

आमच्या मुलाला एकच पकड मानवली. तो पालथा, माझ्या डाव्या हातावर. गाल कोपराच्या खोबणीत, पोट हातावर टेकलेलं, माझा पंजा त्याच्या मांड्यांमधून, हातपाय दोन्हीकडे लोंबते. उजव्या हातानं पाठ थोपटत स्वयंपाकघर ते गॅलरी फेऱ्या. आधी मुठी सैल व्हायच्या, मग पाय, मग वारा सरायचा आणि अंग एकदम जड लागायचं. तेव्हा अलगद पाळण्यात ठेवायचा, तोही उताणा. झोपवताना पालथं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मे महिना होता. कूलरची घरघर चालू असली की लवकर शांत व्हायचा, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक लिहितो, कारण बापांना हे कुणी सांगत नाही. एका रात्री तीनच्या सुमाराला त्याला धरलेले माझे हात घट्ट होत चाललेत, हे मला जाणवलं. मी घाबरलो. त्याला पाळण्यात ठेवलं, दार लोटलं, गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तो आत रडतच होता. पाच मिनिटांनी तोंडावर पाणी मारून परत गेलो, तेव्हा हात माझे होते. त्या पाच मिनिटांबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही.

मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडमध्ये

नागपूरच्या दादांनी जे केलं तेच इथं नर्स आधीपासून शिकवतात. ‘आयकॉन’ नावाचा उपक्रम आहे, त्यात चारच गोष्टी: तान्ह्या बाळाचं रडणं स्वाभाविक आहे, शांत करायचे उपाय करून बघा, असह्य झालं तर बाळाला सुरक्षित ठेवून थोडा वेळ बाजूला जा, आणि बाळाला कधीही, कितीही संताप आला तरी, जोरानं हलवू नका. तसं हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकतं.

माझं बाळंतपण २०२० च्या वसंतातलं. विमानं बंद, आई येऊच शकली नाही. आमचे रात्रीचे साडेअकरा म्हणजे साताऱ्यात पहाटेचे चार. आई त्या वेळी उठायची, चहा टाकायची आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची. फार बोलायची नाही. तिच्याकडे चहा उकळतोय, माझ्याकडे बाळ रडतंय, असे दोन महिने काढले.

आजी, देवगड

माझ्या तिन्ही मुलांना मी गुटी उगाळून दिली. सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, एकेकाचे वळसे मोजून. नातीच्या वेळी सून म्हणाली, ‘आई, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको म्हणालेत डॉक्टर.’ मला लागलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस गप्प होते. पण जायफळाचा एखादा वळसा जास्त झाला की पोर गुंगतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ते शांत झालेलं नसतं, गुंगलेलं असतं. सहाण फडताळात ठेवली. शेगडीची धुरीही बंद केली, धुरानं तिला खोकला यायचा.

हात मात्र माझेच होते. पाजून अर्धा-पाऊण तास झाला की खोबरेल तळहातावर चोळून गरम करायचं आणि बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं बोटं फिरवायची. मग दोन्ही गुडघे हळूच पोटाशी आणायचे, पाच मोजायचे, सोडायचे. ओव्याची कोमट पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून बघायची. दृष्टही काढत होते, मीठ-मोहऱ्यांनी. त्यानं पोराचं पोट दुखणं थांबलं नसेल, पण तेवढा वेळ सून कॉटवर आडवी व्हायची.

नर्स, बालरुग्ण विभाग

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, त्यात थोडी भर घालते. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी १९५४ साली मांडलेला तिनाचा नियम आजही सांगितला जातो: निरोगी बाळ दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त, असं ३ आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल तर ते कॉलिक. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्याच्या आसपास कळस गाठतं, ३ ते ४ महिन्यांत ओसरतं. अंगावर पिणाऱ्याला होतं, बाटलीवरच्यालाही होतं.

पण प्रत्येक रडणं कॉलिक नसतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमधून रक्त, फुगलेली टाळू, जांघेत गाठ, दूध ओढेनासं किंवा मलूल झालेलं बाळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. अंगातले सगळे कपडे काढून एकदा नखशिखांत बघा.

आई, जळगाव

नर्सताईंचं शेवटचं वाक्य माझ्या घरी घडलंय. दहा आठवड्यांची मुलगी रात्रभर किंचाळत होती, आम्ही सगळे ‘पोटच’ म्हणत होतो. पहाटे मोजा काढला तर पायाच्या एका बोटाला माझाच गळलेला केस वेढे घेऊन रुतला होता. बोट जांभळं, टुमटुमीत. दवाखान्यात भिंगाखाली धरून कापला. तेव्हापासून आंघोळीनंतर वीसही बोटं बघते.

आई, करवीर तालुका

आमच्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसायचे. डॉक्टर म्हणाले, दुधातलं प्रथिन सोसत नसावं, अंगावर पाजणं चालूच ठेवा, पण तुम्ही दूधदुभतं सोडा. गाईचं तसंच म्हशीचंही. दारात दोन म्हशी, सकाळी धारोष्ण दुधाचा पेला ठरलेला, आणि बाळंतिणीला दूध द्यायचं नाही! सासऱ्यांना पटेना. मीच हट्टानं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात शी स्वच्छ झाली, रात्रीचं रडणंही निम्म्यावर आलं. हे सगळ्यांनी करायचं नाही, कारण बहुतेकांचं कारण हे नसतं. डॉक्टरांनी सांगितलं तरच.

औषध दुकान चालवते, सोलापूर

रात्री दहाला नव्या बापांचे चेहरे लांबून ओळखू येतात. ग्राइप वॉटर मागतात. नॉटिंगहॅमच्या वुडवर्डनं ते १८५१ च्या सुमारास बनवलं, त्यात बाळंतशोपेचं तेल, खायचा सोडा, साखर आणि त्या वेळी अल्कोहोलही होतं. मी आधी बाळाचं वय विचारते. खरी भीती असते ती मोठ्या भावंडाच्या उरलेल्या पोटदुखीच्या थेंबांची. डायसायक्लोमिन असलेलं औषध सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला द्यायचं नसतं, त्यानं श्वास अडखळू शकतो. आज घरी गेल्यावर कपाटातली ती जुनी बाटली उचलून नाव वाचा.

ती भाची

मावशी, सगळं वाचलं, काल ह्यांनाही वाचून दाखवलं. साडेसातला सुरू झालं. ह्यांनी नागपूरच्या दादांसारखं हातावर घेतलं, पहिल्यांदा जमेना, बाळाची मान घसरत होती, मग उशीवर सराव केला. सव्वानऊला थोडं थांबलं, अकराला परत रडला. आता असं ठरवलंय की एक वाजेपर्यंत ते, पुढे मी. काल मी सलग तीन तास झोपले. सासूबाईंनी आज वांग्याची भाजी केली आहे. तो उठतोय, जाते.